बाईनं घेतलेल्या लाह्या

आमच्या घरामागे भिंत नाही, पाळ आहे. तलावाची पाळ, मातीचा उंच बांध. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं टेकडीच असेल. वर पळसाची न् बोरीची झुडपं, शेळ्या चरताहेत. दुसऱ्या दिवशी सासूबाई पाया पडायला वर घेऊन गेल्या आणि पलीकडे बघते तर पाणीच पाणी, आमच्या कौलांपेक्षा उंच. मी जवाहरनगरची. बाबा फॅक्टरीच्या स्टाफची बस चालवायचे. तिकडे पाणी नळात राहतं.

"एवढं पाणी डोक्यावर घेऊन तुम्ही लोक झोपता कसे?" मी नवऱ्याला, कैलाशला विचारलं.

"बाई हाये नं वर," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून घोरायला लागला.

ही बाई म्हणजे पाळेवरच्या चौथऱ्यावर बसवलेला दगड. पाळबाई. जात्याहून मोठा, जाड, गोलसर, आणि इतक्या पिढ्यांचा शेंदूर चढलेला की आतला दगड काळा का तांबडा, कोणी पाहिलेलं नाही. तलाव तिनंच धरून ठेवलाय असं गाव मानतं. सगळ्यात जास्त मानतात आमच्या सासूबाई, गोदावरीबाई. एक डोळा मोतीबिंदूनं गेला, दुसरा जायच्या वाटेवर आहे, तरी रोज सकाळी पाळ चढून जातात, एकट्या, आणि कोणी हात द्यायला गेलं तर झिडकारतात.

सगळ्यात कमी मानतात डोमाकाका. ते गावाचे पाणकर. तलावाला तुडूम असतं, म्हणजे पाळेच्या पोटातून पाणी सोडायचं दार. ते उघडायचं आणि बंद करायचं त्यांनी, आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, केव्हा पाणी जाईल हे त्यांच्या शब्दावर. काकांचं घर बौद्ध. बाईच्या चौथऱ्याला ते वळसा घालून जातात.

"वयनी, शेंदूर फासला का गोटा पोहते का?" ते सासूबाईंना चिडवायचे.

"तू पाह्यजो एक दिवस," सासूबाई म्हणायच्या. भांडल्याशिवाय दोघांच्याही घशाखाली घास उतरत नसावा.

पण पाळेचं नाव निघालं की हेच डोमाकाका बदलायचे. कधीकाळी तलाव फुटायला आला होता तेव्हा त्यांच्या आज्यानं नवी माती टाकून, बैलांच्या पायांखाली तुडवून पाळ पुन्हा उभी केली होती. त्याच आज्याच्या बायकोला इथल्या घाटावर घागर बुडवू दिली नव्हती. हे सांगताना काकांचा आवाज खाली जायचा. "बाई तुमची राहू द्या," ते म्हणायचे, "पाळ आमची आहे."

यंदा पावसानं डोकं उठवलं होतं. भादवा आला तरी आंबागडाचा किल्ला ढगांतून बाहेर येईना. धान पोटरीत आलं होतं आणि बांधीत गुडघाभर पाणी. आम्ही बायका निंदायला उतरायचो तेव्हा कंबर वाकलेली ती दुपारपर्यंत सरळ व्हायची नाही. पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. घरी येऊन त्यांवर मेंदी लावायची, आणि सकाळी पुन्हा चिखलात. माझी गुड्डी वर्षाची व्हायची होती. तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्रीखाली बसवायचं आणि निंदता निंदता नजर तिच्यावर.

त्याच दिवसांत आमच्या गाईच्या कोठ्यामागे, पाळेच्या पायथ्याशी, जमीन मऊ झाली. गाईचा खूर रुतायला लागला. मी दोन पोती टाकली, तीही भिजली. सासूबाईंनी तिथं हात लावून पाहिला, आणि घरातून हळदकुंकू आणून वाहिलं.

"बाई पाय धुऊन राहिली," त्या म्हणाल्या. "लई चांगलं असते ते."

डोमाकाकांना दाखवलं. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं दाबलं. "पावसाचं आहे. आपली पाळ पाझरत नसते, पोरी." आणि निघून गेले. दोघांचंही ऐकून मी गप्प बसले. मी काय, बसवाल्याची मुलगी.

तलाव तुडुंब होऊन सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की त्यानंतरच्या मंगळवारी गावातल्या बायका बाईला लाह्या सोडतात. घरच्या धानाच्या लाह्या, हळदीत घोळलेल्या. पाळेवरून बाईसमोरच्या पाण्यात सोडायच्या. त्या तरंगतात, वारा नेईल तिकडे जातात, मासे खातात, आणि आम्ही घरी येतो. पण सासूबाईंच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं की एका वर्षी बाईनं लाह्या हातानं घेतल्या होत्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्या वर्षी धान ठेवायला गावात जागा पुरली नव्हती. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून वाट बघत होत्या. बाकीच्या बायका निघाल्या तरी त्या शेवटची लाही दिसेनाशी होईपर्यंत बसायच्या. नजर अधू झाल्यावर मला विचारायच्या, "घेतल्या का व?" मी म्हणायचे, "नाही आई, तरंगून राहिल्या." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या. "बाई पुढच्या साली घेईन."

यंदा त्या मंगळवारी पाऊस जरा उघडला होता. वारा नव्हता. सासूबाईंनी सूप वाकवलं. पिवळ्या लाह्या पाण्यावर पसरल्या आणि क्षणभर जागच्या जागी थांबल्या. मग हलल्या. वाऱ्याविना हलल्या. एक लाही वळली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता सगळ्या गोल फिरायला लागल्या. गोल लहान होत गेला. मध्ये पाणी खोलगट झालं, आणि लाह्या एकेक करून त्यात गेल्या. कोणी ओंजळीत गोळा करून घ्याव्यात तशा. पाणी पुन्हा सपाट झालं. एक लाही शिल्लक नव्हती.

माझ्या अंगावर काटा आला, मानेपासून पायापर्यंत. कडेवरच्या गुड्डीनं पाण्याकडे बोट केलं. मी बारावी सायन्स केलेली बाई, आणि माझाही हात कपाळाला गेला.

"डिंपल," सासूबाई म्हणाल्या, "लाह्या कुठं गेल्या व?"

"घेतल्या, आई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार, माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळायला लागलं, आवाज न करता. बायका त्यांच्या पाया पडू लागल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही.

गुड्डीला भूक लागली म्हणून मी खाली घरी आले. कोठ्यात गाय दावं ओढत होती. मागे गेले तर पोती सरकली होती आणि त्याजागी मनगट जाईल एवढं भोक पडून त्यातून पाणी येत होतं. गढूळ, चहासारखं. आणि त्या पाण्यात पिवळ्या लाह्या. एक, मग चार, मग एक लोंढा. वर घेतलेल्या लाह्या माझ्या पायाशी येत होत्या.

आमच्या कौलांच्या वर तलाव होता, आणि पाळेला आरपार भोक होतं.

मूठभर लाह्या गोळा करून, गुड्डीला काखेत घेऊन मी पाळ चढले. धापा टाकत सासूबाईंसमोर मूठ उघडली. "आई, आपल्या लाह्या. कोठ्यामागून येऊन राहिल्या. पाळेला भोक पडलं आहे."

त्यांनी लाह्या चाचपल्या. मग कपाळाला लावल्या. "परसाद देला बाईनं," त्या म्हणाल्या. "तुह्या हातात देला, पोरी."

झालं. बायकांनी हात पुढे केले आणि माझी मूठ रिकामी झाली. एकीनं तर लाही चिखलासकट तोंडात टाकली. माझा पुरावा माझ्यासमोर खाल्ला गेला. मी "अहो भोक आहे, भोक" म्हणत राहिले आणि त्या माझ्याच पाया पडायला लागल्या.

मी सांडव्याकडे धावले. तिथं डोमाकाका आणि कैलाश अडकलेला काडीकचरा काढत होते. मी सांगितलं. कैलाश घराकडे पळत सुटला. काका जागचे हलले नाहीत.

"लाह्या सांडव्यावरून गेल्या असतील," ते म्हणाले. "पाटानं फिरून आल्या तुह्या घरी."

"पाट घरासमोरून आहे काका. मागून नाही."

"पोरी, ती पाळ माह्या आज्यानं तुडवली आहे. ते फुटत नसते. बसमध्ये बसून पाळ नाही समजत."

मला राग आला. भीतीपोटी राग येतो तसा. "बाईले मानत नाही म्हणता," मी म्हटलं, "मंग आज्याले काहून मानता? येऊन पाहाल तर का पाय झिजतीन?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आता थोबाडीत बसते की काय. मग हातातला विळा खाली टाकून ते चालू लागले.

कोठ्यामागे भोक आता घागरीच्या तोंडाएवढं झालं होतं. काका उकिडवे बसले. वाहत्या पाण्यातली माती त्यांनी बोटांत घेतली, चोळली, वासही घेतला. त्यांचा चेहरा पडला.

"पोटातली माती आहे," ते म्हणाले. घरातलं कोणी गेल्याचं सांगावं तसा आवाज. "जुनं तुडूम होतं म्हणत इथं. माह्या आज्यानंच बुजवलं. तेच उघडलं." थोडं थांबून म्हणाले, "पानी साफ आलं असतं तर भेव नव्हतं. गढूळ आलं म्हणजे पाळच वाहून राहिली. कैलाश, पोरंसोरं, ढोरं सारी शाळेकडे काढ. उंचावर."

काकांच्या सुनेनं, रुचितानं, गुड्डीला माझ्याकडून घेतलं आणि ती शाळेकडे निघाली. गुड्डी हात पसरून रडत होती. मला वाटलं आपणही मागोमाग जावं. पण सासूबाई वर होत्या.

वर बायका चौथऱ्याभोवती दाटून बसलेल्या. कैलाश, काका, आणखी माणसं मातीची पोती घेऊन आली, आणि या उठेनात. "बाईनं आज घेतलं अन् आजच बाई बुडवन का?" सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. "चला माझ्यासंग. तुम्हाला दिसत नाही तर हात लावून पाहा." त्यांनी हात सोडवला नाही. मी त्यांना खाली आणलं, कोठ्यामागे बसवलं, आणि त्यांचा हात वाहत्या पाण्यात ठेवला.

त्या कितीतरी वेळ तशाच बसल्या. बोटांमधून माती जात होती, आणि मध्येच एखादी लाही बोटाला चिकटून थांबत होती. त्या लाही उचलायच्या, दोन बोटांत फिरवायच्या, सोडून द्यायच्या.

"थंडं आहे," त्या म्हणाल्या. "बुडाचं पानी आहे हे." मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. पहिल्यांदाच घेतला. "चल वर."

त्यांनी एकदा म्हटल्यावर बायका उठल्या. कैलाशच्या कमरेला दोर बांधून त्याला पाण्यात सोडलं. जिथं लाह्या फिरल्या होत्या तिथं तो पायानं चाचपत गेला, छातीभर पाण्यात. एकदम खाली खचला आणि चौघांनी दोर ताणला. "तोंड सापडलं," तो ओरडला. "माहा पाय गेला आतमंदी."

धानाच्या तणसाचे पेंढे टाकले. पाण्यानं ते ओढून घेतले आणि खालून माणसं ओरडली की पेंढे बाहेर आले, चिंध्या होऊन. मातीची पोती टाकली. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं फाटलं. पाळेवरचे दगड टाकले, ते खडखडत आतून निघून गेले. चौथऱ्याजवळ जमिनीला तडा गेला. कोणीतरी म्हणालं की सोडा आता, पळा.

काका इकडेतिकडे बघत होते. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं, आणि तेवढ्यात सगळ्यांनाच कळलं. मोठा, जड, गोल दगड गावात एकच होता. कोणी त्याच्याकडे बघेना. माझा नवरा पाण्यात गारठून उभा, आणि पाळेवरची सगळी माणसं आपापल्या पायांकडे बघत होती.

सासूबाई चौथऱ्याजवळ गेल्या. दगडावर हात ठेवला, नेहमीसारखा, कपाळाच्या जागी.

"डोमाभाऊ," त्या म्हणाल्या, "हात लाव."

"मी नाही, वयनी." काका मागे सरकले. "आज मी हात लावीन अन् उद्या गाव म्हणीन का डोमानं बाई बुडवली. माह्या लेकराले राहायचं आहे इथं."

"गाव वाहून गेल्यावर कोन म्हणीन?" सासूबाई म्हणाल्या. "मी सांगून राहिली नं. मी लावतो हात पहिले. तू माह्या बाजूले लाव."

आणि त्यांनी खांदा लावला. साठीच्या पुढची, मूठभर हाडांची बाई. काका त्यांच्या शेजारी वाकले. चौथऱ्यावर पाय न ठेवलेल्या माणसानं त्या दिवशी तिथं गुडघे टेकले. मग मी गेले, मग बाकीचे. शेंदूर आमच्या हातांना, गालांना लागला. दगड हलला, कलंडला, आणि त्याची इतक्या पिढ्या मातीत असलेली बाजू वर आली.

ती बाजू घडवलेली होती. छिन्नीनं गुळगुळीत केलेली, कडेनं खोबण, मधोमध गंजलेल्या लोखंडी कडीचा बुंधा. काकांचा हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "ढकला," एवढंच म्हणाले.

कैलाश बाजूला झाला. दगड उतारावरून घरंगळत पाण्यात गेला. पाणी उसळलं आणि भोवरा फिरला. मग एक आवाज आला. तो कानानं ऐकला नाही, पायांतून आला. पाळ खालून एकदा हलली. भोवरा संथ झाला, मोठा झाला, आणि विरून गेला.

"तुडुमाचं झाकण आहे ते, वयनी," काका हळूच म्हणाले. "जुन्या तुडुमाचं. आज्यानं तोंड मातीनं भरलं, अन् झाकण वर ठेवलं असन. मंग लोकायनं शेंदूर लावला."

सासूबाई पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मला वाटलं आता या खाली बसतील.

"म्हणजे ते इथचीच होती," त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. "हो," ते म्हणाले. "इथचीच."

दगडाच्या भोवती तणस आणि चिकणमातीची पोती रचायला सुरुवात झाली. आता पोती जात नव्हती, बसत होती. थोड्या वेळानं खालून आवाज आला, पाणी साफ झालं, साफ झालं. माणसं हसायला लागली, कोणी नारळ आणायला पळालं. काकाही डोकावून म्हणाले, "साफच आहे."

सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. "माह्या डोळ्याले सारंच धुक्यावानी दिसते. या माणसायले आनंद झाला आहे, यायले साफच दिसन. तू पाह्य. अन् जे आहे ते सांग."

मी खाली गेले. ओंजळीत पाणी घेतलं. मलाही ते साफ दिसावं असं फार वाटत होतं. शाळेत जाऊन गुड्डीला उचलावं, घरी यावं, चूल पेटवावी. पाणी थिरावू दिलं. ओंजळीच्या तळाला मातीचा बारीक थर बसला.

"अजून गढूळ आहे, आई," मी वर ओरडून सांगितलं.

"आयकलं का?" सासूबाई माणसांना म्हणाल्या. "आखीन पोते आना."

आणि आणली. एकानंही मला उलट विचारलं नाही. दिवस कलेपर्यंत माती वाहणं चाललं, काकांच्या तळव्यांची सालटी निघाली, आणि मी ओंजळ भरत राहिले. शेवटी ओंजळीत फक्त माझा हात दिसला.

घरी येताना सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरत होत्या. वाटेत थांबल्या.

"लाह्या पान्यानं ओढल्या, नाही का व?"

"हो, आई. पाण्यानंच."

"अन् मी रडली." त्या पुन्हा दोन पावलं उतरल्या. "मंग ते कोनासाठी रडली मी?"

मी म्हटलं, "आई, मलेही काटा आला होता. अजून जात नाही." आणि ते खरं होतं. भोवरा म्हणजे काय हे मला माहीत आहे, दगड म्हणजे काय हेही आता माहीत आहे, आणि तरी पाळेकडे पाहिलं की माझे हातपाय गार पडतात. आधी भीतीनं पडायचे, आता भीती नाही, दुसरंच काहीतरी आहे, त्याला मला नाव देता येत नाही.

चौथऱ्यावर नवी बाई बसवायचं गावात निघालं. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. बाई आपल्या जागेवर आहे, म्हणाल्या. पावसाळा सरल्यावर पाळ खोदून नीट बांधायची असं डोमाकाकांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. तोवर ते रोज एक फेरी मारतात, आणि रिकाम्या चौथऱ्याला वळसा घालत नाहीत, त्यावर बसून बिडी ओढतात. सासूबाई तिथंच असतात. भांडण चालू असतं.

आता रोज सकाळी त्या हळदीत घोळलेल्या लाह्यांचं सूप घेऊन पाळ चढतात. मी गुड्डीला कडेवर घेऊन कोठ्यामागे उभी राहते. वर सूप वाकल्याचा आवाज येतो. मग त्या हाक मारतात, "आलं का व काही?"

मी वाकून बघते. पायथ्याशी ओल आहे, थेंब थेंब पाणी आहे, त्यात पिवळं काही नाही. मी पुन्हा बघते, कारण एकदा बघून सांगितलेलं त्यांना चालत नाही.

"नाही आई," मी सांगते. "साफ आहे."

माझं उत्तर वर पोचेपर्यंत त्या हात जोडत नाहीत.